राइश आणि राज्य



जर्मन भाषेतील ‘राइश’ या शब्दावर नेवाशात व्याख्यान कशाला, असे काहींना वाटेल. पण हा शब्द आपल्या नात्यातला आहे. लॅटिनमधील ‘रेक्स’, संस्कृतातील ‘राजन्’ आणि जर्मनांचा ‘राइश’ ही एकाच गोत्रातील भावंडे, असे भाषापंडित सांगतात. मूळ धातूचा अर्थ ते सरळ करणे, दिशा दाखविणे असा लावतात. तेव्हा वाकडे सरळ करील तो राजा, आणि जेथे ते होईल ते राज्य.

‘राइश’ म्हणजे साम्राज्य, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. १९१८ साली कैसर गेला, तरी १९१९ च्या घटनेने पहिल्याच कलमात जर्मन राइश हे प्रजासत्ताक असल्याचे जाहीर केले. फ्रान्सला जर्मन लोक आजही ‘फ्रांकराइश’ म्हणतात. तेथे राजा कुठे आहे? पूर्व जर्मनीत कम्युनिस्टांची सत्ता असतानाही रेल्वेचे नाव ‘राइशबान’च होते. तेव्हा दोष शब्दाचा नव्हता.

हिटलरने काय केले पाहा. १९३३ साली त्याने १ मे हा कामगारांचा सण म्हणून सरकारी सुटीचा दिवस केला. मोठमोठ्या मिरवणुका निघाल्या. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, देशभर युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना अटक केली, कामगारांचा निधी जप्त केला. राइशचा जयजयकार चालू राहिला, पण गाऱ्हाणे ऐकणारा उरला नाही. १९४५ साली त्या राज्याची राखरांगोळी झाली.

आपलेही महाराष्ट्र राज्य १ मे रोजीच, १९६० साली, जन्मले. त्यासाठी शंभरावर माणसे बळी गेली आणि त्यांत कामगार होते. म्हणून राज्य हा शब्द आम्हाला फुकट मिळालेला नाही.

राज्य कसे पारखावे हे नेवाशाला कोणी शिकवायला नको. गोदावरीपलीकडे निजामाचा मुलूख होता. लोक त्याला मोगलाई म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली, शब्द मात्र राहिला. आजही कोणी मनमानी करू लागला की आपण विचारतो, “मोगलाई आहे काय?” आणि याच गावी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. ग्रंथाच्या शेवटी ते यादव राजा रामचंद्राचे नाव घेतात. त्याच्या सैन्याची मोजदाद ते करीत नाहीत. तो न्यायाचे पोषण करतो, असे सांगतात. मूळ धातूचा अर्थ तो हाच.

आपली पोरे लपंडाव खेळतात. ज्याच्यावर राज्य येते, तो खुर्चीवर बसत नाही. त्याने धावायचे, शोधायचे, घाम गाळायचा. राज्य म्हणजे अंगावर आलेले काम, हे मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच कळते.

तेव्हा ग्रामसभेत जा, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत जा, आणि विचारा: उसाचे पैसे केव्हा, मजुरी किती, हिशेब कुठे? प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसविणारा फार मोठ्याने राज्याचे नाव घेऊ लागला, तर २ मे ही तारीख आठवा.