2025 मध्ये मी पाहिलेले सिनेमे

(युवक शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मी समीक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॅमेरा कुठल्या कोनातून लावला, एडिटिंग कसं झालं, हे मला फारसं कळत नाही. मी तिकीट काढून सिनेमा बघणारा माणूस आहे. गेली पंचवीस-तीस वर्षं जवळपास दर आठवड्याला एक सिनेमा बघतो. लहानपणी माझी मोठी अडचण अशी होती की जुम्म्याची नमाजही शुक्रवारी आणि नवा सिनेमाही शुक्रवारीच लागायचा. अब्बा मशिदीच्या दारात चपला मोजत उभे राहायचे. मी नमाज संपल्यावर मागच्या दाराने सटकून तीनच्या खेळाला जायचो. एकदा पकडला गेलो. पण कुणी पकडलं, तर इंटरव्हलला वडे घ्यायला बाहेर आलेल्या आमच्या मामूंनी. त्यामुळे प्रकरण दोघांच्यातच मिटलं!

आज मी तुम्हाला 2025 सालच्या चार सिनेमांबद्दल सांगणार आहे. ही माझी मतं आहेत. तुम्हाला पटली नाहीत तर चर्चेच्या वेळी खुशाल बोला.

पहिला सिनेमा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'. रीमा कागतींचा. फेब्रुवारीच्या शेवटी लागला. मी गेलो तेव्हा थिएटरात मोजून अकरा जण होतो, आणि त्यातले दोघे एसीसाठी आले असावेत. मालेगावच्या नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांची ही खरी गोष्ट आहे. यंत्रमागाच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणारा मुलगा ठरवतो की आपणच आपला 'शोले' काढायचा. पैसे नाहीत, ट्रॉली नाही, म्हणून सायकलीवर कॅमेरा. यावर फैझा अहमद खान यांनी पूर्वीच एक सुंदर माहितीपट केला होता, तोही शोधून बघा.

मला हा सिनेमा का आवडला? मालेगाव म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोक्यात काय येतं? 2006 आणि 2008 चे बॉम्बस्फोट. त्यांत आपलीच माणसं मेली, तरी गावाचं नाव घेतलं की लोक आपल्याकडेच संशयाने बघतात. या सिनेमात मालेगावची पोरं काय करतात? भांडतात, प्रेमात पडतात, उधारी बुडवतात, एकमेकांवर जळतात, आणि दोस्त आजारी पडल्यावर त्याच्यासाठी पुन्हा एकत्र येतात. मुसलमान असणं हा त्यांचा 'प्रॉब्लेम' नाही. पैसा हा प्रॉब्लेम आहे. हे बघून मला मोकळं वाटलं.

तक्रारही आहे. बायकांना या गोष्टीत फार थोडी जागा आहे. आणि मालेगावच्या बोलीचा जो ठसका आहे, तो मला पडद्यावर पुरेसा ऐकू आला नाही. पण माझी खरी तक्रार आपल्याविरुद्ध आहे. 'आम्हाला सिनेमात नेहमी वाईटच दाखवतात' असं आपण म्हणतो. मग कुणी नीट दाखवलं तेव्हा त्या रिकाम्या खुर्च्यांवर आपण का नव्हतो?

दुसरा सिनेमा 'छावा'. याबद्दल जपून बोललं पाहिजे, म्हणूनच स्पष्ट बोलतो. आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिकिटं काढायचं ठरलं. सगळ्यांनी नावं दिली, मीही दिलं. हाउसफुल्ल खेळ होता. सिनेमा म्हणून सांगायचं तर मला तो फार कर्कश वाटला. मागचं संगीत इतकं मोठं की चांगले संवाद त्यात बुडून गेले. विकी कौशल जीव तोडून काम करतो. अक्षय खन्नाचा औरंगजेब मात्र हळू बोलतो, विणकाम करत बसतो, आणि त्यामुळेच जास्त भीतिदायक वाटतो. शेवटच्या अर्ध्या तासात संभाजीराजांचे हाल दाखवलेत. थिएटरात लोक रडत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. घोषणा झाल्या तेव्हा मीही उभा राहिलो.

बाहेर आल्यावर एक सहकारी बाजूला घेऊन म्हणाला, "भाई, तुम्हाला राग तर नाही ना आला?" माणूस चांगला आहे. काळजीनेच विचारत होता. मी म्हटलं, "मला कशाचा राग येणार? वाईट वाटलं, तुम्हाला वाटलं तसंच." तो म्हणाला, "हां, हां, बरोबर." आम्ही चहा प्यायलो.

पण रात्री झोप लागेना. त्याने ग्रुपमधल्या बाकीच्या नऊ जणांना हा प्रश्न विचारला नव्हता. म्हणजे त्याच्या मनात कुठेतरी औरंगजेब माझा कुणीतरी लागत होता. आणि माझ्याही मनात तसं काही नसतं, तर मी तीन तास इतका अंग चोरून का बसलो होतो?

माझ्या तरुण दोस्तांनो, इथे माझं एक सांगणं आहे. औरंगजेबाने स्वतःच्या बापाला कैदेत ठेवलं, सख्ख्या भावाला, दारा शुकोहला, मारलं. विजापूरची आदिलशाही 1686 मध्ये आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही 1687 मध्ये बुडवली. ती राज्यं मुसलमानांचीच होती. त्याचा मुलगा शहजादा अकबर बंड करून आश्रयाला आला तो संभाजीराजांकडेच. हा अकबर सिनेमातही आहे, पण येतो आणि जातो, बाहेर पडणाऱ्या कुणाच्या लक्षात राहत नाही. हे सत्तेचं युद्ध होतं. त्यात मला एका बाजूला ढकलण्याचा अधिकार कुणाला नाही, आणि चिडून त्या बाजूला जाऊन उभं राहण्याचं मलाही कारण नाही. 2023 च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. 2025 मध्ये 17 मार्चला नागपुरात काय झालं तेही आपण पाहिलं. 'छावा'मुळे लोकांच्या भावना भडकल्या, असं तेव्हा खुद्द मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले. सिनेमाचा असा परिणाम होत असेल, तर तो बनवणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनीही विचार केला पाहिजे. पण कुणी आपल्याला औरंगजेबाचा नातेवाईक म्हणाला म्हणून त्याचा फोटो स्टेटसला ठेवणं, हे त्यांचंच म्हणणं खरं करून दाखवणं आहे.

तिसरा सिनेमा 'होमबाउंड'. दिग्दर्शक नीरज घेवान, 'मसान'वाले. सप्टेंबरात लागला, आणि भारताने ऑस्करसाठी पाठवला. बशारत पीर यांनी 2020 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेल्या एका लेखावर तो बेतलाय. उत्तर प्रदेशातल्या एका गावचे दोन दोस्त, मोहम्मद सैय्यूब आणि अमृत कुमार, सुरतेत कामाला होते. लॉकडाऊनमध्ये घरी परतताना अमृत आजारी पडला, त्याला ट्रकमधून उतरवलं, आणि सैय्यूब त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसला. तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

सिनेमात त्यांची नावं शोएब आणि चंदन आहेत. दोघांना पोलीस शिपाई व्हायचंय. का? वर्दी असली की कुणी आडनाव विचारत नाही, अशी त्यांची समजूत आहे. चंदन दलित आहे, आणि फॉर्म भरताना जात लपवतो. शोएब एका ऑफिसात शिपाई होतो, तर एक जण त्याच्या हातून पाण्याची बाटली भरून घ्यायला तयार नसतो. साहेबांच्या घरी भारत-पाकिस्तान मॅच बघताना त्याच्यावर विनोद होतात. असे विनोद मी ऐकले आहेत. तुम्हीही ऐकले असतील. आपण सहसा हसून वेळ मारून नेतो. शोएबला ते जमत नाही.

त्या वर्षातला हा मला सगळ्यात चांगला वाटलेला सिनेमा. त्यात हिंदू-मुस्लिम ऐक्यावर एकही भाषण नाही. दोन पोरं एकमेकांना शिव्या देतात, अबोला धरतात, एका ताटात जेवतात. आणखी एक गोष्ट. चंदनच्या आईच्या टाचांना भेगा पडल्या आहेत, आणि शाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं तर तिच्या हातचं मुलांनी खायला नको म्हणून पालक ओरडतात. ते बघताना मी शरमलो. अपमान फक्त आपलाच होतो असं मानून मी थिएटरात शिरलो होतो. आणि आपल्यातही बिरादऱ्या आहेत. लग्न ठरवताना आपण काय काय विचारतो, ते मला माहीत आहे.

आता चौथा सिनेमा, 'हक'. नोव्हेंबरात लागला. यामी गौतम आणि इम्रान हाश्मी. शाहबानो खटल्यावरून प्रेरणा घेतलेला. आमच्या मोहल्ल्यात आधीच बोलणं सुरू झालं होतं की आपल्याला बदनाम करायला काढलाय, जाऊ नका. मलाही शंका होती. आपल्या समाजातल्या बाईचं दुःख दाखवून टाळ्या घेणारे बरेच सिनेमे मी पाहिलेत. ते त्या बाईसाठी नसतात, तिच्या शेजाऱ्याला घाबरवण्यासाठी असतात. तरी मी गेलो, आणि अम्मीला घेऊन गेलो. ती बारा-पंधरा वर्षांनी थिएटरात आली होती.

आधी खरी हकिकत. शाहबानो इंदूरच्या. वकील नवऱ्याने 1978 साली तलाक दिला तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या, पाच मुलांची आई. त्यांनी महिना 500 रुपये पोटगी मागितली. मॅजिस्ट्रेटनी 25 रुपये दिले. हायकोर्टाने ते वाढवून 179 रुपये 20 पैसे केले. एवढ्याही रकमेविरुद्ध नवरा सुप्रीम कोर्टात गेला. 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाने शाहबानोंच्या बाजूने निकाल दिला. पुढे देशभर मोर्चे निघाले, शाहबानोंवर इतका दबाव आला की त्यांनी स्वतःच तो निकाल नाकारला, आणि 1986 मध्ये संसदेने नवा कायदा केला.

सिनेमातली नायिका तरुण आहे, सुंदर आहे, मोठी भाषणं करते. खऱ्या शाहबानो पडद्यावर चालल्या नसत्या, बासष्ट वर्षांच्या बाईवर कोण पैसे लावणार? ही मला त्यातली उणीव वाटते. पण नायिका धर्म सोडून बोलत नाही, कुरआन स्वतः वाचून बोलते, हे चांगलं आहे. आणि इम्रान हाश्मीचा नवरा राक्षस नाही. सभ्य, शिकलेला, गोड बोलणारा आहे. असे नवरे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

सिनेमा संपल्यावर अम्मी उठेना. दिवे लागले, झाडूवाला आला. मला वाटलं पाय दुखतात. मग रिक्षात तिने मला जे सांगितलं, ते मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं.

माझी एक फुफी आहे. तिला 1984 साली पोस्टकार्डावर तलाक आला. दोन मुली घेऊन ती माहेरी आली, आणि शिलाई मशीनवर ब्लाउज शिवून तिने मुली वाढवल्या. एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की शाहबानोंच्या निकालाविरुद्ध जिल्ह्याच्या गावी मोर्चा निघाला तेव्हा माझे आजोबा त्यात गेले होते. फुफीचे वडील. शरियत बचावला. आणि पहाटे उठून त्यांच्यासाठी भाकरी फुफीनेच बांधून दिली होती. अम्मी म्हणाली, "किसीने कुछ नहीं बोला. मैं भी नहीं बोली. भाकरी बांधी, अब्बा गए."

आजोबा वाईट नव्हते. मुलीवर त्यांचा जीव होता. त्यांना खरंच वाटत होतं की बाहेरून हल्ला झालाय आणि आपण घर वाचवतोय. घरात मशीनवर कोण बसलंय ते त्यांना दिसलं नाही.

म्हणून मी 'हक'बद्दल एवढंच म्हणेन. तो कुणी काढला, का काढला, कोण टाळ्या वाजवतं, हे सगळे प्रश्न विचारा. मीही विचारतो. पण टाळ्या चुकीच्या माणसाने वाजवल्या म्हणून फुफीचं पोस्टकार्ड खोटं ठरत नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंबरोबर मुंबईत सात मुस्लिम महिला विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. त्यांनी आपलं बोलणं आपणच बोलायचं ठरवलं होतं. आपण गप्प राहिलो की आपली गोष्ट दुसरे सांगतात, आणि आपल्याला हवी तशी सांगत नाहीत.

तुम्ही सिनेमे बघा. भरपूर बघा. बघताना दोन प्रश्न मनात ठेवा. यातल्या मुसलमानाला स्वयंपाकघर आहे का, नोकरी आहे का, की फक्त सुरमा आणि बंदूक आहे? आणि हेच दुसऱ्या कुणाबद्दल दाखवलं असतं, तर मी टाळी वाजवली असती का? पहिला प्रश्न सिनेमावाल्यासाठी आहे, दुसरा आपल्यासाठी.

शेवटचं सांगतो. फुफी आता सत्तरीत आहे. तिला मी सिनेमाची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग त्या बाईला पैसे मिळाले का?"

मी मोर्चे, दबाव, कायदा, सगळं समजावून सांगू लागलो. तिने हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, "एवढं लांब सांगतोस म्हणजे नाही मिळाले."

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात अशी एक फुफी किंवा खाला असेल. पुढच्या शुक्रवारी तिला सिनेमाला घेऊन जा. सिनेमा कुठलाही चालेल. परत येताना रिक्षात तिला बोलू द्या.