पुरंदर : देवाचा गड आणि वीरांचा गड

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या तरुण मंडळींनी यंदाची सहल पुरंदरावर नेण्याचे योजिले आहे, तेव्हा त्या गडाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या सभेत पुरंदर म्हटले की मुरारबाजी देशपांडे यांचे नाव ओठी येते आणि मान ताठ होते. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या नावाशी जडलेल्या इतरांची आठवण आपण कितपत ठेवतो?

मुरारबाजी प्रथम जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी होते. १६५६ साली जावळी पडली आणि त्यानंतर हा मोहरा शिवाजी महाराजांच्या सेवेत आला. पुढे १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी पुरंदरास वेढा घातला. एप्रिलच्या मध्यास शेजारचा वज्रगड शत्रूच्या हाती गेला आणि तेथून पुरंदराच्या माचीवर तोफा डागता येऊ लागल्या. अशा वेळी मुरारबाजी निवडक सातशे माणसांनिशी गडाबाहेर पडले. दिलेरखानाने कौल देऊ केला. तो त्यांनी झिडकारला आणि लढता लढता देह ठेविला. सभासदाची बखर सांगते की, त्यांच्यासह तीनशे माणसे पडली व उरलेली मागे गडावर जाऊन पुन्हा झुंजू लागली.

त्या तीनशेंतील किती नावे आपणांस सांगता येतील? सरदार पडल्यावरही ज्यांनी गड सोडला नाही, त्यांची ज्ञाती कोणती, हे कोणी विचारले आहे काय? जूनमध्ये तह झाला आणि तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले; त्यांत हा पुरंदरही होता. मार्च १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. पुढे १७७४ साली सवाई माधवरावांचा जन्म याच गडावर झाला. संभाजी महाराजही १६५७ साली येथेच जन्मले.

गडाच्या शेंदऱ्या बुरुजाची कथा तर याहून जुनी आहे. बांधकाम वारंवार ढासळू लागले, तेव्हा महार जातीच्या एका तरुण दांपत्यास त्याच्या पायात जिवंत पुरले, अशी परंपरा सांगतात. कथा म्हणून ती ऐकतानाही अंगावर काटा येतो. आपण ज्या तटावरून मुरारबाजींचा जयजयकार करतो, त्याच्या पायाशी लोकस्मृतीने ही वेदना जपून ठेविली आहे. या सभेत ती सांगणे कित्येकांस रुचणार नाही. पण इतरांचा त्याग विसरणारा ज्ञात्यभिमान मला तरी अपुरा वाटतो.

आता चढाविषयी. पायथ्याच्या नारायणपुरास नारायणेश्वराचे प्राचीन मंदिर व दत्तस्थान आहे. तेथे दर्शन घेऊन बिनी दरवाजाने माचीवर यावे. मुरारबाजींचा पुतळा माचीवरच आहे. सर दरवाजा ओलांडून पायऱ्या चढत गेले की सर्वोच्च टोकावर केदारेश्वर भेटतो. हवा स्वच्छ असल्यास तेथून राजगड, तोरणा व सिंहगड दिसतात. श्रावणात तेथे भाविकांची दाटी असते, म्हणून शक्यतो थंडीचे दिवस निवडावेत. गडावर लष्कराचा वावर असल्याने प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि ओळखपत्र जवळ बाळगावे.

पुतळ्यास हार घालण्याचे मंडळाने ठरविलेच आहे. दुसरा हार शेंदऱ्या बुरुजासाठी न्यावा, एवढी माझी सूचना आहे. त्याचा खर्च मी देईन.