पाहुणी आलेली फाइल



भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी फिक्स्चरचे डिझाइन करतो. फिक्स्चर म्हणजे यंत्रावर भोक पाडताना वस्तू जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारी पकड. पूर्वी त्यासाठी ग्राहकाकडून कागदी ड्रॉइंगची गुंडाळी यायची. आता ईमेलवर अख्खा गिअरबॉक्सच त्रिमितीय रूपात येतो. माऊसने हवा तसा फिरवून बघा!

पण ग्राहकाचे सॉफ्टवेअर एक आणि आमचे दुसरे. मग फाइल दोघांना समजेल अशा मधल्या भाषेत यावी लागते. 'स्टेप' ही त्यातली एक. आयएसओ १०३०३ या क्रमांकाने तिचे मानक १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. या फाइलमधून भागांचे आकार, त्यांची नावे आणि कोणता भाग कुठे बसला आहे, एवढे कळते. मूळ डिझायनरने तो आकार कोणत्या क्रमाने घडवला, हे सहसा कळत नाही. शेजारून रव्याच्या लाडवांचा डबा यावा, तसेच हे. लाडू हातात असतो, पण पाक एकतारी होता की दोनतारी, ते लाडू सांगत नाही. शिवाय भागांना एकमेकांशी बांधून ठेवणारी बंधनेही बहुधा वाटेतच सुटतात.

हे मी किंमत मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका गिअरबॉक्सचे काम आले होते. फाइल उघडली, सगळे भाग जागच्या जागी दिसले. दृश्य फिरवताना कधीतरी माऊसचे चुकीचे बटण दाबले गेले आणि वरचा अर्धा भाग दोन मिलिमीटर सरकला. एवढ्या मोठ्या चित्रात ते डोळ्यांना जाणवलेही नाही. त्या सरकलेल्या भागावरूनच मी भोकांच्या जागा ठरवल्या.

प्लेट तयार झाली. आमच्या जुन्या फिटरकाकांनी पहिले कास्टिंग चढवले, खुणा केल्या आणि हाक मारली, "साहेब, भोक उंचवट्याच्या मधोमध येत नाही." मी पटकन म्हणालो, "काका, प्लेट बनवताना तुमचीच चूक झाली असेल." काका काही बोलले नाहीत. माझे ड्रॉइंग समोर ठेवून त्यांनी एकेक माप घेऊन दाखवले. प्रत्येक माप बरोबर होते.

मग मी ग्राहकाची मूळ फाइल पुन्हा उघडली आणि माझ्या फाइलशी ताडून पाहिली. फरक दोन मिलिमीटर. प्लेट भंगारात गेली आणि काकांनी दोन रात्री जागून केलेले काम वाया गेले. मालकांसमोर चूक कबूल करणे जड गेलेच; पण सगळ्यांदेखत काकांची माफी मागणे त्याहून जड गेले.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. २००६ मध्ये एअरबसच्या ए३८० विमानाच्या वायरिंगचे काम अडले. हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथले अभियंते कॅटिया या एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते, हे त्यामागचे एक कारण होते. विमाने ग्राहकांच्या हाती पडायला त्यामुळे बराच उशीर झाला.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. आलेल्या मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचे. फाइल उघडताच सगळे भाग जागीच स्थिर करून टाकायचे. मग ड्रॉइंगमधले एखादे ठाऊक असलेले माप मोजायचे. इंच आणि मिलिमीटरचा घोटाळा झाला असेल तर ते २५.४ पट चुकलेले दिसते. आट्यांवर विशेष लक्ष ठेवायचे, कारण आठ मिलिमीटर स्क्रूच्या आट्यांचे भोक अनेकदा ६.८ मिलिमीटरचे साधे भोक म्हणून येते. सुधारित फाइल आली, तर जुनी आणि नवी एकावर एक ठेवून काय बदलले ते पाहायचे. आणि ग्राहकाकडून कागदी ड्रॉइंगही मागून घ्यायचे.

आमच्याकडे नवीन मुलगा डिझाइनला लागला, की पहिला आठवडा मी त्याला संगणकासमोर बसवत नाही, फिटरच्या हाताखाली पाठवतो. पडद्यावरचे दोन मिलिमीटर लोखंडात केवढे असतात, ते त्याला तिथेच दिसते.