नागीण आणि हुळहुळणे

(उज्जैन येथील मराठी भाषाविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य शिकवणाऱ्या बाईने विषाणूवर का बोलावे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. माझा विषय खरे तर दोन शब्द आहेत. एक ‘नागीण’. दुसरा त्याहून घरगुती, आणि त्याचे भाषांतर मला वेळेवर करता आले नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या डाव्या बरगडीखाली आग होऊ लागली. दोन दिवसांनी पाठीपासून पोटाकडे पाणीदार फोडांची ओळ उठली. शेजारच्या काकूंनी पाहताक्षणी नाव सांगितले. नाव कळले की उपायही ठरलेला! गेरू उगाळून लावला, मंत्र टाकणारे एक गृहस्थ बोलावले. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे आपण ऐकत आलो आहोत. साहित्यात डॉक्टरेट मिळवलेली मी रोज सकाळी दोऱ्याने उरलेले अंतर मोजत होते. यात पाच दिवस गेले.

ती टोके सहसा जुळत नाहीत, हे मला नंतर कळले. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. हर्पिसच्या कुळातला हा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो आणि मेरुरज्जूच्या दोन्ही बाजूंना चेतापेशींच्या ज्या लहान गाठी असतात, त्यांत दशकानुदशके निपचित राहतो. वय वाढले, प्रतिकारशक्ती ढळली की एखाद्या गाठीत तो जागा होतो. पेशीत स्वतःच्या प्रती काढतो, शेजारच्या चेतापेशींत आणि त्यांना वेढून असलेल्या आधारपेशींत शिरतो. कधी या पेशींची आवरणे एकमेकींत विरून त्यांचा एकच गोळा होतो. मग तो त्याच मज्जातंतूने उलट, त्वचेकडे निघतो. प्रत्येक गाठीचा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळतो, म्हणून फोड त्या पट्ट्यापुरते येतात आणि बहुधा मध्यरेषेशी थांबतात. क्वचित विषाणू आत, मेरुरज्जूत उतरतो. तेव्हा पाय लुळे पडू शकतात. भीती बाळगायचीच तर ती या आतल्या वाटेची बाळगावी.

हे पट्टे हेड आणि कॅम्बेल या दोन वैद्यांनी १९०० मध्ये नागिणीच्या रुग्णांवरूनच आखले. कांजिण्यांचा जुना विषाणूच पुन्हा उठतो, हा सिद्धान्त १९६५ मध्ये मांडला तो होप-सिम्प्सन यांनी. ते एका लहान गावातले साधे डॉक्टर. आपल्या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे चिकाटीने ठेवत. (आपल्या महाविद्यालयीन संशोधनाला यातून घेण्यासारखे बरेच आहे, पण तो विषय वेगळा.)

‘नागीण’ हा शब्द मला अडाणी वाटत नाही. ग्रीक ‘हर्पिस’च्या मुळाशी सरपटणे आहे, ‘झोस्टर’ म्हणजे कंबरपट्टा. चरकसंहितेत ‘विसर्प’ आहे; तो नेमका हाच आजार नव्हे, पण सरपटणे तिथेही आहेच. डोळ्यांनी जे दिसले ते या शब्दांनी बरोबर पकडले. आपली चूक पुढची. साप म्हटल्यावर आपण मांत्रिक शोधला. विषाणूची वाढ रोखणारे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाले तर उत्तम. ते तास मी दोरा मोजण्यात घालवले.

फोड सुकले, दुखणे राहिले. डॉक्टर हिंदीभाषी, सज्जन. त्यांनी विचारले, “माताजी, दर्द कैसा है?” आई म्हणाली, “हुळहुळतंय गं.” मी सांगितले, “दर्द है, जलन है.” त्यांनी साधी वेदनाशामक गोळी लिहून दिली. दोन महिने हेच चालले. आई ठणका म्हणत नव्हती, कळ म्हणत नव्हती, सणकही नाही. हे चारही शब्द वेगळे आहेत आणि मी त्या सगळ्यांचे एकच ‘दर्द’ करून टाकले होते.

एका संध्याकाळी तिने पदर बाजूला केला आणि म्हणाली, “दाबलं तर चालतं. पण लुगड्याचा वारा लागला तरी नको होतं.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिघडलेल्या मज्जातंतूकडून हलक्या स्पर्शाचा निरोप येतो आणि मेरुरज्जूत तो वेदना म्हणून वाचला जातो. वैद्यकात यासाठी स्वतंत्र संज्ञा आहे. आपल्याकडे क्रियापद आहे!

मालव्यातल्या मराठी घरांत नातवंडे आजीसाठी हिंदीत बोलतात. दवाखान्यात तर नेहमीच. माझ्या विद्यार्थ्यांना मी सध्या एकच काम दिले आहे : घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून दुखण्याचे शब्द गोळा करा, आणि प्रत्येकापुढे नेमके कुठे, केव्हा, कशाने दुखते ते लिहा. चुणचुण, झिणझिण्या, रवरव, ठसठस. यादी वाढते आहे. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची लसही आता भारतात मिळते, तीही चौकशी घरी गेल्यावर करा.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना पदराची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. त्यांनी गोळी बदलली, मज्जातंतूंच्या वेदनेवरची दिली. मग शब्द पुन्हा विचारला आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतला : ‘हुलहुल’. ‘ळ’ त्यांना जमला नाही. आईने तो कागद पाहिला, आणि त्यांच्या हातातले पेन मागून घेतले.