दीडशेची बॅटरी म्हणजे किती?

(गणेशोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण, इंदूर)



इन्व्हर्टर आता बहुतेक घरी आहे. विचारले की सगळे सांगतात, "दीडशेची बॅटरी आहे." दीडशे काय, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. आम्ही डिप्लोमावाले, सरकारी खात्यात विजेचे काम पाहणारे, तेवढेच सांगायला उभे आहोत.

नर्मदेचा नळ मिनिटाला 10 लिटर देतो आणि अर्धा तास येतो, तर टाकीत 300 लिटर. धार गुणिले वेळ. विजेची धार अँपिअरमध्ये मोजतात. ती सेकंदांनी गुणली की विद्युतप्रभार मिळतो, कूलोममध्ये. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कूलोम (1736–1806) यांचे. 1 अँपिअर तासभर वाहिला की 3600 कूलोम झाले. बॅटरीवाले सेकंदांऐवजी तास धरतात आणि 150 अँपिअर-तास छापतात. कूलोममध्ये ते 5,40,000 होतात. (मोबाइलवर 5000 लिहिलेले पाहून तो इन्व्हर्टरपेक्षा मोठा समजू नका. ते हजारांश अँपिअरचे आहेत, म्हणजे फक्त 5 अँपिअर-तास.)

ज्यांच्या घरी आजी-आजोबांना ऑक्सिजनचे यंत्र लावलेले आहे, त्यांनी पुढचा हिशेब नीट ऐकावा. यंत्र 350 वॅटचे, बॅटरी 12 व्होल्टची. भागले की 29 अँपिअर. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून 36 धरा. 150 भागिले 36, म्हणजे चार तासांच्या वर. दुकानदार इथेच थांबतो. पण लेबलावर बारीक अक्षरांत 'सी-20' असते. म्हणजे हे 150 मिळतात ते 20 तासांत, साडेसात अँपिअरने सावकाश घेतले तरच. 36 ने ओढल्यावर ही शिशाची बॅटरी तेवढे देतच नाही. आम्ही नव्या बॅटरीलाही अडीच तासच धरतो, जुनीला त्याहून कमी. पंखा-टीव्ही त्याच लाइनवर असतील तर आणखी कमी. भरलेला सिलिंडर घरात हवाच.

आणखी एक. सकाळी दोन तास लाइट गेली तर 72 अँपिअर-तास गेले. चार्जर 15 अँपिअरचा असेल तर ते परत भरायला कागदावर पाच तास, प्रत्यक्षात सहा. दुपारी पुन्हा लाइट गेली की बॅटरी अर्धवटच असते, आणि घरचे सकाळच्याच हिशेबात बसलेले असतात.

यंत्रामागच्या पट्टीचा आणि बॅटरीच्या लेबलाचा फोटो काढून आणा. विसर्जनापर्यंत रोज रात्रीच्या आरतीनंतर आम्ही दोघे-तिघे प्रसादाच्या टेबलापाशी आहोत. पाच मिनिटांत तुमच्या घरचे तास काढून देऊ.