गोडी लागते कुठे?



‘पोराला अभ्यासाची गोडीच नाही’ हे वाक्य आपल्याकडे पालकही म्हणतात, मास्तरही म्हणतात आणि पोराच्या देखत म्हणतात. डॉक्टरनं अंगात रक्त कमी असल्याचं सांगावं, तशा थाटात. दोष पोराचा ठरला की बाकी सगळे मोकळे.

आता अशी पोरं पुढे कुठे जातात ते बघू. विटा, खानापूर, आटपाडी हा आपला दुष्काळी पट्टा. इथून माणसं गलाईच्या धंद्याला देशभर गेली. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा हा धंदा. दहावीत आपटलेलं पोर मामाबरोबर तमिळनाडूत नाहीतर केरळात जातं. भट्टी, मूस, तेजाब यांच्यामागे दिवस जातो. शाळेत दशांश चिन्ह दिसलं की ज्याला घाम फुटायचा, तो तिथे सोन्याचा टंच काढतो आणि मिलिग्रॅमचा हिशेब तोंडी सांगतो. हिंदीत पस्तीस गुणांची मारामार असलेला गडी गिऱ्हाइकाशी तमीळमध्ये घासाघीस करतो. मी गलाईची आरती ओवाळत नाही. तेजाबाच्या वाफेत कोवळी वर्षं घालवणं ही काही हौस नव्हे. पण शिकायची भूक त्या पोरात होती, हे तरी कबूल कराल? तिथे आकडा चुकला तर नुकसान दिसतं, आणि बरोबर आला तर शेठ त्याच्यावर विश्वास टाकतो. शाळेत त्याचा आकडा कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

मला म्हणायचंय ते एवढंच, की आपल्या बोलण्याला आणि आपल्या हाताला जिथे किंमत असते, तिथे मूल रमतं. सातारा जिल्ह्यात याचा दाखला आहे. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. त्या फलटणला येऊन राहिल्या आणि १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या. दलित वस्तीतली मुलं शाळेत नाव घालूनही वाचायला शिकत नव्हती, गळत होती. त्या मुलांपासून त्यांनी काम सुरू केलं. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. आपल्याकडची चाल अशी, की आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. अर्थापर्यंत पोचायला वर्ष जायचं. बर्नसनबाईंनी थोडी अक्षरं आणि थोड्या मात्रा एकत्र घेतल्या, म्हणजे मूल पहिल्या काही आठवड्यांतच खरा शब्द वाचू लागतं. शिवाय मुलानं चित्र काढायचं, त्याबद्दल सांगायचं आणि बाईंनी ते चित्राखाली लिहायचं. समजा, एखादा म्हणाला, ‘आमची म्हस व्याली.’ तिथे ‘म्हस नव्हे, म्हैस’ असं म्हणून त्याचं तोंड बंद करायचं, की ते वाक्य कागदावर उतरवून त्यालाच वाचायला द्यायचं? स्वतःच्या घरातली म्हैस कागदावर आलेली बघितली, की पोर ती ओळ दहा वेळा वाचतं. प्रमाणभाषा काही पळून जात नाही, मागाहून येते.

त्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नावही तुम्ही ऐकलं असेल. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं तिथल्या जिल्हा परिषद शाळांत मुलं आणि शिक्षक रंगवलेल्या फरशीवर बसली; खडे, काड्या, मणी हाताळत गणित शिकू लागली. राज्यभरचे शिक्षक गाड्या भरभरून बघायला आले, फोटो काढून गेले आणि आपापल्या शाळांच्या फरशा रंगवल्या. फरशी रंगवायला चार दिवस पुरतात. पोराचं म्हणणं ऐकून घ्यायची सवय लागायला वर्षं जातात, आणि तिचा फोटो येत नाही. रंग बऱ्याच ठिकाणी गेला, सवय थोड्याच ठिकाणी गेली, असं माझं मत आहे.

आणि बक्षिसं! स्कॉलरशिपचा निकाल लागला, की दहा वर्षांच्या पोराचा फ्लेक्स चौकात लागतो, खाली क्लासचा फोन नंबर. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ, असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात रंगांकडे कमी वळली. ज्यांना आधी काही न सांगता प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची आवड तशीच राहिली. आमिषानं खेळाचं काम झालं. फ्लेक्सवरचं पोर आठवीत पुस्तकाला हात लावेना, की आपण पुन्हा म्हणायला तयार: गोडी नाही.

मग गोडी लागते कशानं? साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणं होतात, ‘प्रतिकूलतेवर मात’ वगैरे. पण प्रतिकूलतेनं गोडी लागत असती, तर आपल्या साखर कारखान्यांच्या तळावर कोप्यांत राहणारी ऊसतोड्यांची सगळीच मुलं पंडित झाली असती. भीमरावांच्या, म्हणजे त्या भिवाच्या, घरात वडील सुभेदार रामजी होते. पुढे मुंबईत पोरानं पुस्तक मागितलं आणि हातात पैसा नसला, की ते लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत देत.

आपल्या गावच्या शाळेत मात्र पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असतं. मास्तरांना बोल लावू नका. तपासणीला साहेब आले आणि चार पुस्तकं कमी भरली, तर भरपाई त्यांच्या अंगावर येईल ही धास्ती. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यापैकी बरेच जण आहेत. येत्या जूनच्या बैठकीत फाटलेल्या आणि हरवलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती यादीतून कमी करण्याचा, विषय घ्या, तसा ठराव लिहून वर पाठवा आणि मास्तरांना सांगा, की वाचून फाटलेल्या पुस्तकाचा जाब तुम्हाला कुणी विचारला, तर आम्ही उत्तर देऊ. मग किल्ली चौथीच्या पोरांकडे द्या.