मालिकेतले परमवीर आणि त्यांचं काम

श्रोतेहो, 'परमवीर चक्र' ही मालिका १९८८मध्ये दूरदर्शनवर आली. दिग्दर्शक 'हकीकत' या युद्धपटाचे चेतन आनंद, तेव्हा त्यांची वेगळी ओळख नको. परमवीर चक्र या सर्वोच्च युद्धशौर्य पदकाची रचना करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकरही तुम्हाला ठाऊक आहेत. पुढे जाऊ.

मला आज एवढंच पटवायचं आहे की वीराचं मरण पडद्यावर दाखवणं सोपं, त्याचं काम दाखवणं अवघड. आणि कथा कामातच असते.

मेजर सोमनाथ शर्मा घ्या. काश्मीरमधलं बडगाम, ३ नोव्हेंबर १९४७, पाकिस्तानशी पहिलं युद्ध. मालिकेत फारुख शेख यांनी त्यांची भूमिका केली. शर्मांचा हात प्लास्टरमध्ये होता, तरी ते मॅगझिनमध्ये काडतुसं भरून आपल्या गनरांच्या हाती देत होते. ही हमाली आहे हो, मेजरनं केलेली! तिथे कॅमेरा जितका रेंगाळेल तितका थोडा.

(मागून आवाज : अब्दुल हमीद!) बरोबर, १९६५च्या युद्धातले अब्दुल हमीद; मालिकेत ती भूमिका नसीरुद्दीन शाह यांची. जीपवरची रिकॉइललेस तोफ डागली की मागे आगीचा लोट उठतो, जागा उघडी पडते. म्हणून डागा आणि हला. पंजाबातल्या खेमकरणच्या शेतांत पाकिस्तानी रणगाडे फुटले ते या हुशारीनं. (टाळ्या)

आता सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे. थोडक्यात सांगणार होतो, पण राणे थोडक्यात सांगता येत नाहीत. एप्रिल १९४८, जम्मू-काश्मीरमधला नौशेराहून राजौरीकडे जायचा रस्ता. चिंचोळा, डोंगरातला. शत्रूनं सुरुंग पेरलेले, पाइनची झाडं आडवी पाडलेली, वरून मशीनगन. सुरुवातीलाच उखळी तोफांच्या माऱ्यात राण्यांची माणसं पडली, ते स्वतः जखमी झाले. तरी रणगाड्याखाली सरपटत, दोरीनं चालकाला खुणा करत हा माणूस पुढे सरकला. पोटाखाली सुरुंग, पाठीवर रणगाडा! असं ८ ते ११ एप्रिल. शेवटच्या दिवशी सकाळी सहापासून रात्रीपर्यंत काम, आणि वाटेतल्या चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा. या चार दिवसांत राण्यांच्या हाती बंदुकीपेक्षा जास्त वेळ माती होती. सुरुंग शोधायचा, निकामी करायचा, पुढचा शोधायचा. या पुनरावृत्तीत केवढा थरार आहे! तो पकडायला दिग्दर्शकाकडे धीर हवा, मोठं संगीत नको.

पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर नाराजी दिसते आहे. हुतात्म्यांचं मोल मी कमी करतो आहे का? मुळीच नाही. एकवीस परमवीरांपैकी चौदांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला आहे. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. म्हणूनच सांगतो, त्यांना केवळ शेवटच्या मिनिटापुरतं ओळखणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते आपल्या विद्येत तरबेज होते, आणि ती विद्या आपल्या मुलांना दिसली पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तारापोर राहिले, खेत्रपाल राहिले, दोघेही परमवीर, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे; त्यांच्यावर वेगळी संध्याकाळ हवी. राण्यांचं पुरं करतो. ते जगले, मेजर होऊन निवृत्त झाले, १९९४मध्ये गेले. लेखक मंडळी विचारतात, नायक मरत नाही तर भाग संपवायचा कुठे? चिंगसला संपवा. रस्ता मोकळा झाला, मागून फौज निघाली, आणि दुसऱ्या दिवशी ती राजौरीत पोचली.